सागवानी आलमारी

आमच्या वसईकडे ज्याला कपाट म्हणतात, त्याला भंडारा जिल्ह्यात आलमारी म्हणतात. बदली होऊन वैनगंगेकाठच्या या धर्मग्रामात मी आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा फरक कानाला जाणवला आणि थोडे हसूही आले. वसईवर पोर्तुगिजांचे राज्य १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ होते. तरीही आम्ही वसईकरांनी संस्कृतातले 'कपाट' जवळ केले. त्या भाषेत त्याचा मूळ अर्थ दाराची फळी असा आहे. बद्रीनाथाची कपाटे उघडली असे आपण वाचतो ते याच अर्थाने. ज्या झाडीपट्टीत पोर्तुगिजांचे कधी पाऊलही पडले नाही, तिथल्या माउलीच्या तोंडी मात्र त्यांचा शब्द बसला आहे. पोर्तुगीज 'आर्मारिओ' हिंदुस्थानात 'अलमारी' झाला आणि घरोघर पोचला. त्याचे मूळ लॅटिन 'आर्मारियुम'. म्हणजे हत्यारे व अवजारे ठेवण्याची जागा.

सेमिनरीत लॅटिन शिकताना या शब्दाशी माझी ओळख ग्रंथांच्या निमित्ताने झाली होती. मठांमध्ये हस्तलिखिते ज्या लाकडी कपाटात ठेवीत ते आर्मारियुम, आणि त्याची राखण करणारा साधू तो 'आर्मारियुस', म्हणजे त्या काळचा ग्रंथपाल. इटलीतील रावेन्ना येथे पाचव्या शतकातील गाला प्लाचिदियाच्या समाधिमंदिरात रंगीत तुकड्यांचे एक चित्र आहे. त्यात एक लहानसे उघडे कपाट असून आत चार शुभवर्तमानांचे चार ग्रंथ ठेवलेले दिसतात. सन ७०० च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तर भागातील मठात लिहिलेला 'कोदेक्स आमियातिनुस' हा बायबलचा प्रचंड ग्रंथ आज फ्लॉरेन्समध्ये आहे. त्याच्या आरंभीच्या चित्रात एज्रा लिहीत बसला आहे आणि त्याच्या मागे कपाटाची दोन्ही दारे सताड उघडी आहेत. आत नऊ ग्रंथ आडवे ठेवले आहेत. तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला पवित्र शास्त्र दाखवायचे होते, पण शास्त्र सांभाळणारी लाकडी वस्तूही त्याने तितक्याच आदराने रंगवली, हे मला फार आवडते.

आता ज्या आलमारीविषयी लिहायचे आहे ती ग्रंथांची नव्हे. ती आमच्या धर्मग्रामातील एका विधवा माउलीच्या घरात उभी आहे. गावाचे आणि कुटुंबाचे नाव लिहीत नाही. आसपासच्या वाचकांना ते ओळखता आले तरी त्यांनीही ते मनातच ठेवावे.

या घराचे धान्याचे शेत दोघा भावांत वाटले गेले, तेव्हा मधल्या बांधावर सागाचे एक झाड होते. वडिलांनी ते १९७२ च्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात लावले होते, असे माउली सांगते. कोवळे पान चुरगळले की हात लाल होतात म्हणून लहानपणी दोघे भाऊ त्या झाडाखाली रक्ताचा खेळ खेळत. वाटणीत जमीन मोजली गेली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. पण बांधावरचे झाड तसेच सामाईक राहिले. वाटणीनंतर दोघांचे बोलणे कामापुरतेच उरले होते. अखेर २०१९ साली दोघांनी एवढे मात्र एकमताने ठरवले की, झाड तोडावे, विकावे आणि पैसे निम्मे निम्मे घ्यावेत.

शहरात राहणाऱ्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण साग स्वतःच्या शेतात असला तरी त्याला मनास येईल तेव्हा कुऱ्हाड लावता येत नाही. झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग आहे. सातबारा जोडून अर्ज करायचा, तलाठी आणि वनखात्याची माणसे येऊन झाड पाहणार, घेर मोजणार, मग परवानगी. तोडल्यावर लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का बसतो आणि ते आरामशिनीपर्यंत न्यायलाही वाहतुकीचा परवाना लागतो. लोक त्याला सरळ 'टी.पी.' म्हणतात. सामाईक झाड असल्याने अर्जावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. धाकट्याने सकाळी येऊन सही केली, थोरल्याने संध्याकाळी. दोन्ही वेळा कागद माझ्या टेबलावर होता.

जानेवारी २०२० मध्ये झाड पडले. गोल लाकूड मोजण्याची आपल्याकडील जुनी रीत सोपी आहे. मधोमध घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्या हिश्शाचा वर्ग करून लांबीने गुणायचे. या ओंडक्याचा घेर चार फूट आणि लांबी बारा फूट. चौथा हिस्सा एक फूट. म्हणजे बारा घनफूट. मात्र ओंडका चिरताना बाजूच्या साली, करवतीचा भुसा आणि बाहेरचे पांढरे लाकूड वाया जाते. सागाचा खरा गुण त्याच्या गाभ्यात असतो. वाळवीला न मानवणारी द्रव्ये आणि तेलकटपणा तिथेच असतो. बाहेरचा पांढरा थर भुंगा आणि वाळवी आनंदाने खातात. तेव्हा बारा घनफुटांतून सहा-सात घनफूट चांगल्या फळ्या निघाल्या. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

फळ्या निघाल्या आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. व्यापारी येईना. थोरल्याच्या गोठ्याच्या माळ्यावर त्या रचून ठेवल्या गेल्या. हे रचणेही एक शास्त्र आहे. खाली ठोकळे, मग फळ्यांचा एक थर, त्यावर एकसारख्या जाडीच्या काड्या आडव्या, मग पुढचा थर. काड्या एकावर एक सरळ ओळंब्यात आल्या पाहिजेत, नाहीतर फळी वाकते. ऊन थेट लागू द्यायचे नाही, वारा मात्र चारही बाजूंनी खेळला पाहिजे. हे सर्व सांगायला आले ते शेजारच्या गावचे वृद्ध मिस्त्री. सेमिनरीत मेहनतीच्या तासाला आम्हांला सुतारशाळेत एका वयस्क ब्रदरांच्या हाताखाली काम करावे लागे, त्यामुळे करवत-रंध्याची मला थोडी ओळख होती. मिस्त्रींनी ती पाच मिनिटांत जोखली आणि मला काड्या मोजायला बसवले.

लाकूड वाळले की नाही हे कळावे कसे? मिस्त्री बोटाच्या पेराने ठोकून आवाजावरून सांगतात. पण धाकट्या भावाच्या मुलीला तेवढ्याने समाधान झाले नाही. शाळा बंद, पोरगी नववीतली. तिने थप्पीतील एक तीन फुटी तुकडा निवडला आणि दर महिन्याला तो किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून गोठ्याच्या भिंतीवर खडूने आकडा लिहू लागली. बाप ज्या गोठ्यात पाऊल टाकीत नव्हता तिथे लेक महिन्याला जाऊ लागली, हे सर्वांनी पाहिले आणि कोणीच बोलले नाही. मार्चमध्ये तुकडा चार किलो चारशे ग्रॅम भरला. जूनच्या सुरुवातीला तो तीन किलो दोनशेवर आला. भंडाऱ्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तो असा उपयोगी पडतो. मग ऑगस्टमध्ये गंमत झाली. वजन शंभर ग्रॅमने वाढले! मुलीला वाटले काटा बिघडला. मिस्त्री म्हणाले, "पोरी, लाकूड पावसार्‍यात पानी पिते, उन्हार्‍यात सोडते. मेलं म्हनून का झालं?"

त्याच ऑगस्टच्या शेवटी पूर आला.

२९ ते ३१ ऑगस्ट २०२० हे दिवस वैनगंगेकाठची माणसे विसरणार नाहीत. वर मध्य प्रदेशात अतोनात पाऊस झाला, तिथल्या धरणांतून पाणी सुटले आणि नदी भंडारा शहरात व काठच्या गावांत शिरली. माउली धाकट्या मुलाकडे राहत असे. त्या घरात तीन फुटांहून अधिक पाणी दोन दिवस उभे होते. मागची मातीची भिंत बसली. घरात हप्त्यांवर घेतलेले एक चकचकीत कपाट होते. बाहेरून लाकडासारखे दिसणारे, आतून लाकडाचा चुरा आणि डिंक दाबून केलेल्या पत्र्याचे. असा पत्रा एकदा पाणी प्याला की फुगतो आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही. चुऱ्याचे कण एकमेकांना सोडून देतात. पाणी ओसरल्यावर आम्ही आत गेलो, तेव्हा ते कपाट गुडघ्यात मोडल्यासारखे खाली बसले होते. खालच्या कप्प्यात शेताची कागदपत्रे होती, बाप्तिस्म्याचे आणि विवाहाचे दाखले होते, आणि वडिलांचा एकुलता एक फोटो. दाखले मी चर्चच्या नोंदवह्यांवरून पुन्हा लिहून दिले. सातबाराही तलाठ्याकडून नवा मिळाला. फोटोचा मात्र कागदावर फक्त एक तपकिरी डाग उरला होता. माउलीने तो डाग वाळवून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

गोठा उंचवट्यावर होता. माळ्यावरच्या फळ्या कोरड्या राहिल्या.

पुढे जे झाले त्यात दोष कोणाचाच नव्हता, हे आधी लिहून ठेवतो. धाकट्याला भिंत उभी करायची होती. टाळेबंदी सैल होताच व्यापारी फिरू लागला होता आणि फळ्यांना बरा भाव सांगत होता. विकून टाकू, हे त्याचे म्हणणे वाजवी होते. थोरला म्हणाला, आणखी एक उन्हाळा थांबलो तर वाळलेल्या मालाला दीडपट मिळेल. हेही वाजवी होते. दोघे स्वतंत्रपणे माझ्याकडे आले. त्यांच्या मागोमाग, तिसऱ्या दिवशी, माउली आली आणि तिने दोघांच्याही मनात नसलेली गोष्ट मागितली. झाड नवऱ्याच्या हातचे होते. ते विकू नये. त्याची एक आलमारी करावी, कागद ठेवायला.

दोघे मुलगे माझ्या ओसरीवर समोरासमोर बसले. थोरला म्हणाला, माझ्या हिश्शाच्या फळ्यांची करा. धाकट्यानेही तेच म्हटले असते, पण मिस्त्रींनी हिशेब मांडला. सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद, दीड फूट खोल अशा भरीव सागाच्या आलमारीला साधारण सहा घनफूट फळी लागते. आहे तेवढीच लागते. तेव्हा माउली म्हणाली, "अर्ध्या लाकडाची आलमारी होते का रे बापा?"

मी निवाडा दिला नाही. धर्मगुरूने सुताराच्या हिशेबात पडू नये. मार्ग थोरल्याने काढला. व्यापाऱ्याच्या भावाने निम्म्या फळ्यांची जी किंमत होईल ती त्याने धाकट्याला द्यायची, धानाचे चुकारे हाती आले की. त्या वर्षी चुकारे येता येता उन्हाळा लागला. तोवर धाकट्याच्या घराला मागून ताडपत्री होती. त्याने भावाकडे एकदाही तगादा लावला नाही आणि भावाशी एकदाही बोललाही नाही.

खडूचे आकडे चालूच होते. मे २०२१ मध्ये तुकडा बरोबर तीन किलो. पावसाळ्यात थोडा वर. नोव्हेंबरमध्ये मिस्त्रींनी थोरल्याच्या घरापुढच्या सपरीत अवजारे मांडली. करवत, रंधे, चार मापांच्या पटाश्या, मोगरी, गुण्या, गिरमिट. एकेकाळी त्यांचे काम शेतकऱ्यांचे नांगर, वखर आणि बंड्या दुरुस्त करण्याचे. तिवसाचा नांगर, बीजाच्या चौकटी, ऐनाच्या तुळया. कोणते लाकूड कशाला, हे त्यांना पाठ आहे. ट्रॅक्टर आले आणि ते काम सरले. त्यांचा मुलगा नागपुरात प्लायवूडची फर्निचरे जोडतो आणि बापापेक्षा चांगले कमावतो. त्याला मी कमी लेखत नाही. प्लायवूडही नीट केले तर सरळ राहते, स्वस्त पडते आणि जंगल वाचवते. नाराजी आहे ती चुऱ्याला लाकूड म्हणून विकण्याबद्दल.

संध्याकाळची मिस्सा आटोपली की मी तिकडे जात असे आणि करवतीचे दुसरे टोक धरीत असे. सागात वाळूसारखा सूक्ष्म अंश असतो, त्याने पात्याची धार लवकर जाते. दर तासाला निसण्याचा दगड काढावा लागे. रंध्यातून निघणाऱ्या छिलक्यांना चामड्यासारखा, किंचित गोडसर वास येतो. माउली त्या छिलक्या रोज टोपलीत गोळा करी. चुलीसाठी असे सांगे, पण चुलीत घालताना तिला मी पाहिले नाही.

सांगाडा पूर्ण सालीकुसाचा. एका लाकडात चौकोनी भोक पाडायचे ती साल, दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारी जीभ काढायची ती कूस. दोन्ही इतके नेमके हवेत की कूस हाताच्या दाबाने अर्धी जावी आणि उरलेली मोगरीच्या ठोक्याने. मग दोहोंतून आरपार छिद्र पाडून बांबूचा खुंटा मारायचा. खिळा एकही नाही.

हे काम पाहताना मला पवनीची आठवण होत असे. आपल्याच जिल्ह्यातील पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने उत्खनन केले, आणि शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. मातीखाली दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप आणि त्याच्या दगडी कठड्याचे अवशेष निघाले. असा कठडा सांचीला आजही उभा पाहता येतो. उभ्या खांबांना भोके आणि त्यांत आडव्या पट्ट्यांची टोके बसवलेली. दगडाला याची काही गरज नव्हती. पण त्या पाथरवटांसमोर नमुना होता तो सुताराचा, म्हणून त्यांनी दगडातही सालीच पाडल्या. खुद्द लाकूड टिकले नाही, सांधा टिकला. कार्ल्याच्या लेण्यात तर चैत्यगृहाच्या छताला मूळच्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे तशाच आहेत. ऊनपाऊस लागला नाही तर लाकूड किती जगते याचा तो पुरावा. मिस्त्रींना मी हे सांगितले. ते म्हणाले, "त मंग आमी जुनेच आहो, फादरजी."

दारांची बांधणी मला सर्वांत शिकवण्यासारखी वाटली, म्हणून तिथे थोडा रेंगाळतो. दाराच्या चार पट्ट्या सालीकुसाने घट्ट जोडून चौकट करतात. मधली रुंद फळी मात्र चौकटीच्या आतल्या खाचेत नुसती सरकवून ठेवतात. तिला सरस नाही, फेव्हिकॉल नाही, खिळा नाही. मी विचारले, हलणार नाही का? मिस्त्री म्हणाले, हलायलाच पाहिजे. कारण लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढते आणि आटते. साग तसा शांत स्वभावाचा, तरी एक फूट रुंद फळीत आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. ती फळी चारही बाजूंनी चिकटवून टाकली तर उन्हाळ्यात आटताना तिला जागा सोडता येत नाही आणि ती मधोमध फाटते. पावसाळ्यात फुगली तर चौकटीचे सांधे उघडते. म्हणून दोन्ही बाजूंच्या खाचेत धानाचा दाणा आडवा मावेल एवढी जागा मोकळी सोडायची. वर आणि खाली, अगदी मध्यावर, फक्त एकेक बारीक खुंटी. म्हणजे फळी दोन्हीकडे सारखी सरकते. मिस्त्रींनी खरोखरच पोत्यातून धानाचा दाणा काढून माप घेतले.

दार जुळवायच्या दिवशी एक अडचण आली. चौकट चहूबाजूंनी आवळून धरायला शिकंजे हवेत, ते मिस्त्रींकडे दोनच होते. त्यांनी जुनी रीत काढली. चौकटीभोवती दोर दुहेरी बांधायचा, त्यात दांडी घालून पीळ द्यायचा. दोर आखडतो आणि चौकट आवळली जाते. दोन दोर, दोन दांड्या, आणि दोन्ही पीळ एकाच वेळी सारखे हवेत, नाहीतर चौकट तिरकी होते. थोरला तिथेच होता. मिस्त्रींनी मुलीला पाठवून धाकट्याला बोलावून घेतले. मला पुढे होऊ दिले नाही. "तुमचे हात मऊ" म्हणाले. पाऊण तास दोघे भाऊ समोरासमोर दांड्या धरून बसले. "थोडं", "बस", "अजून"... त्यापलीकडे शब्द नाही. तरी मी दोन वर्षांत त्यांच्यात झालेले ते सर्वांत लांब संभाषण होते.

ते वर्ष पोप फ्रान्सिस यांनी संत योसेफाचे वर्ष म्हणून घोषित केलेले होते, ८ डिसेंबर २०२० ते ८ डिसेंबर २०२१. रविवारच्या प्रवचनाला मला विषय शोधावा लागला नाही. शुभवर्तमानात योसेफासाठी आणि मार्कच्या सहाव्या अध्यायात स्वतः येशूसाठी जो ग्रीक शब्द आला आहे तो 'तेक्तोन', म्हणजे सुतार किंवा बांधकाम करणारा कारागीर. सागाचे शास्त्रीय नाव 'तेक्तोना ग्रांदिस'. ते धाकट्या लिनिअसने १७८२ मध्ये दिले. त्याचे मूळ मल्याळममधील 'तेक्कु' आणि त्यावरून झालेल्या पोर्तुगीज 'तेका'त आहे असे सांगतात. पण लॅटिन रूप घेताना ते ग्रीक सुताराशेजारी जाऊन बसले. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी लिहून ठेवले आहे की, येशू नांगर आणि जू बनवीत असे. प्रवचनानंतर हे मिस्त्रींना सांगितले. ते ख्रिस्ती नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, नांगर कोणत्या लाकडाचा? याचे उत्तर कोणत्याही सेमिनरीत शिकवत नाहीत.

आत चार फळ्या आणि एक खण. खणाचे कोपरे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारख्या दातांनी एकमेकांत अडकवले आहेत, पुढून कितीही ओढा, सुटत नाहीत. खण कुठे बसवायचा हे माउलीने ठरवले. धाकट्याच्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून होती. मिस्त्रींनी ती रेघ जमिनीपासून मोजली, त्यावर दीड फूट धरले आणि तिथे खण बसवला. कागद त्यात. तिच्या आग्रहावरून एक चोरकप्पाही केला. तो कुठे आहे हे मला ठाऊक आहे आणि या लेखात ते येणार नाही.

रंग लावला नाही. कापणीआधी उभ्या धानात उतेरा म्हणून जो जवस पेरतात, त्याचेच तेल कढवून तीन हात चोळले. प्रत्येक हातामध्ये आठवडाभर वाळू दिले. तेलाच्या चिंध्या मिस्त्री पाण्याच्या बादलीत टाकीत. अशा चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर आपोआप तापून पेट घेतो. बिजागऱ्या पितळी, भंडाऱ्याच्या बाजारातल्या. पितळेच्या या गावात लोखंडी बिजागरी लावायची नाही, असे मिस्त्रींचे मत.

नाताळच्या आदल्या आठवड्यात आलमारी धाकट्याच्या घरी, नव्या भिंतीला टेकून उभी राहिली. उचलायला सहा माणसे लागली. भरीव सागाचे वजन कपाट विकत घेताना कोणी सांगत नाही! कुलपाची किल्ली एकच. ती माउलीच्या कमरेला. थोरल्याच्या शेताचे कागदही त्याच खणात आले, त्यामुळे त्याला अधूनमधून भावाच्या घरी जावे लागते. दारात चपला काढून तो आत जातो, आईकडे किल्ली मागतो, कागद घेतो. अलीकडे चहा होतो. मुलीचा दहावीचा दाखला वरच्या फळीवर आहे आणि त्याशेजारी तीन फुटी तुकड्याचीच केलेली एक पट्टी, खडूचे आकडे तिने त्यावर पुन्हा लिहून ठेवले आहेत.

२०२२ चा ऑगस्ट फार ओला गेला. माउलीने निरोप पाठवला की उजवे दार घासते, जोराने ओढावे लागते. धाकट्याने रंधा मागून आणला होता; दोन हात मारले की काम होईल, असे त्याला वाटले. मी मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी दार उघडले, मिटले, कडेवरून अंगठा फिरवला आणि रंधा पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवला.

"आता रंधा मारला त उन्हार्‍यात बोटभर फट पडंल," ते म्हणाले. "दिवारीपर्यंत ओढून उघडा. मंग पाहू."